खिसा नको

घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या आत,
औषधांचं दुकान आणि झेरॉक्स यांच्यामध्ये
साडेसहा फुटांचं माझं दुकान.
फॉल-पिको, उंची कमी करणे, चेन बदलणे.
नवं शिवायला आता कोण येतं?

म्हणून टॉवरचे सेक्रेटरी आले
तेव्हा मी पंखा त्यांच्याकडे वळवला.
दोनशे बारा एप्रन, म्हणाले,
कामवाल्या बायांसाठी. रंग आकाशी.
लिफ्टमध्ये कळत नाही हो हल्ली
कोण घरातलं, कोण कामाचं.
सगळ्यांचेच कुर्ते सारखे.
पायरी उतरून परत वर आले :
आणि खिसा नको.

रात्री मशीनच्या पलीकडे
लेक परीक्षेचं वाचत होती. टी. वाय., इतिहास.
तिला मोठ्यानं वाचल्याशिवाय लक्षात राहत नाही,
मला ऐकल्याशिवाय पॅडल लागत नाही.

रोममध्ये म्हणे टोगा नावाचं वस्त्र.
ती सांगत गेली, मी मनात वार काढले :
सहा-सात तरी. लोकरीचं. एक कड गोल.
बटण नाही, नाडी नाही, टाकाही नाही.
म्हटलं, तिकडे जन्मलो असतो तर उपाशी मेलो असतो.
ती हसली नाही. पुढचं वाचलं :
तो एकट्याला नेसता येत नसे,
चुण्या घालायला मागे गुलाम लागे.

सदऱ्यावरच्या पट्टीवरून हुद्दा.
रुंद जांभळी पट्टी सिनेटरची,
अरुंद त्याच्या खालच्याची.
दोन-तीन बोटांचा फरक.
माझ्याकडे तेवढ्यात फार तर कंबर सैल होते.
तो जांभळा म्हणे समुद्रातल्या गोगलगायी सडवून काढत
आणि कपडा धुतला तरी वास जात नसे.
ओहोटीला कोलशेतच्या खाडीवरून येतो तसा असेल.
तो वास अंगावर मिरवायला सोनं मोजत लोक.

मग एक पान उलटून ती थांबली.
बाबा, ऐका.
एकदा सिनेटमध्ये विषय निघाला :
गुलामांना वेगळा पोशाख द्यावा, ओळखू येतील.
तो तसाच बारगळला.
कारण कुणाच्या तरी ध्यानात आलं,
मग ते आपल्याला मोजायला लागतील.

सुई थांबली. एकशे चाळिसावा एप्रन होता.
सेक्रेटरींचा नंबर भिंतीवर खडूनं लिहिलेला.
मी फोन केला नाही.
ॲडव्हान्स घेतला होता, हे एक.
दुसरं कारण मला अजून नीट सांगता येत नाही.

एक तारखेला सकाळी सातला चहासाठी बाहेर पडलो
तर गेटपाशी आकाशी रांग, पार रिक्षा स्टँडपर्यंत.
रोज यायच्याच की.
पण पिवळी ओढणी, चौकटीची साडी, कुणाच्या मुलीची जुनी जीन्स
अशा एकेकट्या, सुट्ट्या नाण्यांसारख्या.
आज गड्डी.
मर्जिना मागे वळून बघत होती.
शकुंतला मुकणे टाचा उंचावून.
बाविसाव्या मजल्यावरची कुंदाबाई
ओठ हलवत होती, बोट हवेत,
साठ... एकसष्ट...
गेटवर वॉचमन दोन. तेही गणवेशात.

मधलं मला माहीत नाही.
त्या दिवशी वर कुणी कुकर लावला, कुणी नाही,
खाली काय बोलणं झालं, मी दुकानात होतो.
गणपतीच्या आधी सेक्रेटरी स्वतः आले,
डिकीत गाठोडी. पंखा मी वळवला नाही.
एवढ्याच्या पिशव्या होतील का, भाजीच्या?

मोजले. एकशे एकोणऐंशी.
बाकीचे मिळाले नाहीत, म्हणाले.

आणि प्रत्येकाला खिसा.
मी न शिवलेला.
कुठे ओढणीचा पिवळा तुकडा, कुठे फ्लॉवरचं छापील,
एकाला तर चक्क दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक,
हातशिलाई, वेडीवाकडी, दोरा दुहेरी.
मी ओढून पाहिलं. निघेना.

सेक्रेटरी घड्याळ बघत होते.
म्हटलं, पिशव्या होतील.
खिसे उसवायचे पैसे वेगळे.